जाईची लीद

मेधाने काल गुलाबांसाठी खताची पिशवी आणली. मेधा माझी सून. पिंपळे सौदागरच्या आमच्या घराला एक लांबट गॅलरी आहे, तिथे तिच्या कुंड्या असतात. ती गॅलरीत बसून कात्रीने पिशवीचं तोंड कापत होती आणि मी आतल्या खोलीत लसूण सोलत होते. पिशवी उघडल्याचा आवाज मला आला नाही. वास आला.

"मेधा, लीद आहे का गं ती?"

"हो आई, घोड्याचंच खत आहे. तुम्हाला तिथून कसं कळलं? वास येत नाही म्हणाला होता नर्सरीवाला."

मी लसणाची पाकळी बोटात धरून तशीच बसून राहिले. माझं लहानपण कुठे गेलं, कशात गेलं, हे या घरात कुणाला माहीत नाही. लपवलं असं नाही. कुणी विचारलं नाही, आणि आपणहून बोलायची मला सवय नाही. दुपारी सगळे बाहेर गेले की मी थोडं लिहिते, माझ्यापुरतं. आज हे लिहिते आहे.

तळेगावात स्टेशन आणि गाव यांच्यामध्ये तेव्हा बरंच माळरान होतं. गाडी आली की माणसं टांग्यात बसून गावात जात. त्या रस्त्यापासून थोडा आत आमचा तबेला होता. तबेला म्हणजे कौलांची एक लांब पडवी, पुढे अंगण, अंगणात चिंच. पडवीच्या एका टोकाला आमची जाई आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्या रहीमचाचांच्या टांग्याचा घोडा, राजा. अंगणाच्या एका अंगाला आमचं घर, समोर चाचांचं. जाईला सगळे पांढरी घोडी म्हणत, पण जवळून पाहिलं तर तिच्या अंगावर राख उडाल्यासारखे बारीक ठिपके होते. माझ्या वडिलांना मी आबा म्हणत असे. आबा टांगा हाकायचे आणि आमच्या घराचं पोट जाईच्या चार पायांवर चालायचं.

आणि जाईची लीद माझ्याकडे होती. राजाचीही.

उजाडलं की मी खराटा, फावडं आणि पाटी घेऊन पडवीत जायची. आधी गवताचं अंथरूण उचलायचं. कोरडं एकीकडे, भिजलेलं उन्हात पसरायला. मग लीद भरायची. ओल्या जागेवर चुलीतली राख टाकायची. मी पाटी भरत असताना जाई मागे मान वळवून बघायची. तिच्या नाकातून फुर्र असा आवाज यायचा, तो मला हसल्यासारखा वाटे. पाटी डोक्यावर घेऊन अंगणाच्या मागच्या उकिरड्यावर न्यायची, तिथे पालथी करायची, परत यायचं. आता चूल, राख आणि कौलं सगळंच गेलं, पण पाटी डोक्यावर घेतली की मानेत जो ताठपणा यायचा तो अजून माझ्या मानेत आहे.

प्रत्येक ऋतूची लीद वेगळी असते, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पावसाळ्यात ती हिरवी आणि सैल, तिला ओल्या कुरणाचा वास. उकिरड्यावर मग छत्र्या उगवायच्या, पांढऱ्या, दुपारपर्यंत काळ्या होऊन वितळणाऱ्या. थंडीत घोड्यांना हरभऱ्याची चंदी मिळे, तेव्हा लीद पिवळसर, गोल, घट्ट, आणि पहाटेच्या गारठ्यात तिच्यातून वाफ निघे. मी फावडं टेकवून तिच्यावर हात शेकायची. चिमण्या तर टपूनच बसलेल्या असत, न पचलेले हरभऱ्याचे कण वेचायला. उन्हाळ्यात लीद वाळून इतकी हलकी व्हायची की वाऱ्याने तिचा भुगा उडायचा आणि चाचांच्या चहात पडायचा. चाचा बोटाने तो काढून टाकत आणि म्हणत, "आमचा राजा चहात मसाला घालतो, बघ."

माझी आई चाकणकडची. तिच्या माहेरी गाई-बैलांचा गोठा. शेणाने जमीन सारवायची, शेणाचा सडा घालायचा, देवघरासमोरसुद्धा शेणच. पण लीद तिला कधी आपली वाटली नाही. "शेण ते शेण," ती म्हणे, "लिदीला काय, देव हाय ना धर्म." माझं काम झालं की उंबऱ्याबाहेर एक दगड होता, त्यावर मी उभी राहायची. आई आतून तांब्या घेऊन यायची आणि माझ्या हातांवर, पायांवर पाणी ओतायची. कोपरापर्यंत, गुडघ्यापर्यंत. मी शिवणार नाही असा पदर सावरून ती उभी राही. पाणी थंडीत फार गार लागे. तिच्या तोंडावर राग नसे, पण माया आहे का तेही कळत नसे. "हां, ये आता," असं ती म्हणाली की मगच उंबरा ओलांडायचा.

जाईलाही ती कधी हात लावत नसे. सणासुदीला ओवाळायची तेवढंच.

शाळेत मी शेवटच्या ओळीत बसायची. कितीही धुतलं तरी मुलींना कळायचंच. "काय गं, जाईची फुलं वेचून आलीस का?" असं एक जण म्हणे आणि बाकीच्या फ्रॉक तोंडाला लावून हसत. मी पाटीवर मान वाकवून अक्षरं गिरवत बसे. शाळेतली पाटी आणि तबेल्यातली पाटी, दोन्ही माझ्याच हातात. चौथीनंतर एकच राहिली.

उकिरड्यावरची लीद पेरूच्या बागेचे मालक बैलगाडी पाठवून नेत. पण त्याआधी त्यातली चांगली वाळलेली लीद बाजूला काढून ठेवावी लागे, ती गंगूमावशीची. गंगूमावशी कुंभारीण. गाढव घेऊन यायची, येताना आम्हाला एखादं मडकं, परळ, घोड्यांच्या पाण्याला पसरट कुंडं आणायची आणि जाताना दोन गोण्या लीद न्यायची. ती लीद चाळून मातीत तुडवायची. ती म्हणे, "भट्टीत लीद जळून जाती आन् तिची बारीक भोकं राहत्यात. त्यातनं माठ घाम गाळतो, मग पाणी गार." मोठ्या आवाजाची, पान खाणारी बाई. माझ्या अंगाला वास येतो हे तिला कधी जाणवलंच नाही. ती आली की माझी वेणी ओढून बघे, किती वाढली ते. तिच्या हातांना माती असे, माझ्या हातांना लीद.

आमच्याकडे दसऱ्याला घोडा पुजतात. त्या सकाळी आबा जाईला विहिरीवर नेऊन धुवायचे, खरारा करायचे, शेपटीला मेंदी लावायचे. कपाळावर नवा लाल गोंडा, गळ्यात झेंडूचा हार, खुरांना गेरू. टांग्याची चाकंही पुजायची. मग गल्लीतल्या बायका ताट घेऊन येत. जाईला हळदकुंकू लावत, ओवाळत आणि पुरणपोळीचा घास तिच्या तोंडाशी धरत. स्टेशनवरून कुणाची लेक बाळंतपणाला आलेली, कुणाचा मुलगा आजारातून उठून घरी आलेला, सगळ्यांना जाईने वाहून आणलेलं. तिच्यावर त्यांचा जीव होता.

त्या वर्षी पीकपाणी बरं होतं असं मोठी माणसं म्हणत होती. पोळ्यांना भरपूर पुरण होतं. एकीने घास दिला, दुसरीने अर्धी पोळी दिली, तिसरीने तुपात बुडवून अख्खी दिली. जाई मान हलवून खात होती आणि झेंडूही खायला बघत होती. सगळ्या हसत होत्या.

राजाने मात्र पुरणाकडे तोंडसुद्धा वळवलं नाही. चाचा म्हणाले, "आमच्या राजाचा आज रोजा हाय, माफ करा." बायका आणखी हसल्या. मग हळूच ते आबांना म्हणाले, "पण बस करा आता. फुगंल ती."

आबांनी आईकडे पाहिलं. बायकांना थांबवणं आईचं काम.

आई म्हणाली, "सणाचा निवद हाय भाऊजी. दारात आलेल्या सवाष्णीला न्हाई कसं म्हणायचं?"

आणि तिनेही आपल्या ताटातली पोळी जाईला दिली.

दुसऱ्या दिवशी मी उजाडता खराटा घेऊन पडवीत गेले. राजाखाली नेहमीसारखी लीद होती. जाईच्या जागी काहीच नव्हतं. काल अंथरलेलं गवत, स्वच्छ, कोरडं. इतकी स्वच्छ जागा मी तिथे कधी पाहिली नव्हती. पाहिल्यावर आधी मला बरं वाटलं, पाटी हलकी राहील म्हणून. मग जाईकडे पाहिलं. ती पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि मान वळवून वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती, तिथे कुणी काही ठेवलंय आणि ते सापडत नाही, अशी. गळ्यातला हार तसाच होता. चंदीचा तोबरा न खाता भरलेलाच होता.

"आबा," मी म्हटलं, "जाईने लीद टाकली न्हाई."

आबांच्या हातातला साज खाली पडला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, पितळी घुंगरांचा आणि चामड्याचा एकदम.

घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं मागूनच बाहेर यावं लागतं. आणि ते अडलं तर घोडा लोळतो, लोळताना आतडं पिळलं तर संपलंच. हे तबेल्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. चाचांनी ओवा, हिंग आणि काळं मीठ कढवलं. बांबूच्या नळीने ते जाईच्या घशात ओतलं, मग गोडं तेल. आबांनी तिची दोरी धरली आणि तिला चिंचेभोवती फिरवायला लागले. थांबू द्यायचं नाही, बसू द्यायचं नाही. पहिली गाडी आली, शिट्टी झाली. जाईने कान उभे केले, तिला जायचं होतं स्टेशनवर. टांगा जोडायची ती वेळ. आबांनी तिची मान थोपटली आणि फिरवत राहिले. रस्त्यावरून माणसं पिशव्या घेऊन पायी गावाकडे जाताना दिसली.

चाचांनीही राजाला जोडलं नाही. आबा म्हणाले, "तू जा रे, भाडं घालवू नको." चाचा म्हणाले, "एकटा राजा जाऊन काय करील? त्याला रस्ता जाई दाखवती." ते खरं नव्हतं. राजाच नेहमी पुढे असे.

गंगूमावशी तशात गाढव घेऊन आली. दिवाळीचे दिवस जवळ आलेले, तिच्याकडे कामाची घाई. तिला काय माहीत. अंगणाच्या तोंडाशीच ओरडली, "पोरी, आण गं गोण्या! आज मला ताजी सुदीक चालंल, लई माती मळायचीय!"

आई उंबऱ्यावर बसली होती, ती पदरात तोंड घालून रडायला लागली. "मीच घातली गं पोळी," ती म्हणाली. "मीच."

गंगूमावशीने जाईकडे पाहिलं, तिच्या तटतटलेल्या पोटाकडे. गाढवाला चिंचेच्या बुंध्याशी बांधलं. पान थुंकली. मग आईच्या शेजारी येऊन बसली. "तू एकलीच कुठं? अख्ख्या गल्लीनं घातली. मी सुदीक आल्ते संध्याकाळी, मीबी घातली घासभर. आता रडून ती पातळ हुणार हाय का?" तिने आईच्या पाठीवर हात ठेवला, मातीचा. आईने तो झटकला नाही.

त्या दिवशी मी जाईच्या मागे मागे चालत होते, रिकामी पाटी काखेत धरून. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला दुसरं काही येत नव्हतं. ज्या वासाची मला लाज वाटे त्याची मी देवाजवळ मागणी करत होते. आधी एक पाटीभर मागितली. मग ओंजळभर. दुपार झाली तेव्हा मी म्हणत होते, एक गोळा दे, चिमणीपुरता दे.

जाई दोनदा गुडघ्यावर आली. दोन्ही वेळा चाचांनी आणि आबांनी तिला खांदा लावून उठवली. तिच्या अंगाला घाम सुटला होता, मेंदीच्या शेपटीला गवत चिकटलं होतं. आबांचे पाय आता अडखळत होते. चाचा म्हणाले, "दे माझ्याकडं," पण तेवढ्यात आई उठली.

ती अंगणात आली. पदर खोचला. आबांच्या हातातून दोरी घेतली.

"तुला न्हाई जमायचं," आबा म्हणाले.

"बैल वळवलेत मी," आई म्हणाली. "बसा तुमी."

आणि आई जाईला घेऊन चालायला लागली. मी मागे. आई घोड्याला कसं हाकतात तसं हाकत नव्हती. तोंडाने चुचकारत नव्हती. ती बोलत होती, खालच्या आवाजात, जाईच्या कानाशी. मी मागे असल्याने मला ऐकू येत होतं.

"बया माझी. सोड आता. चुकलं आमचं. मी उचलीन तुझी लीद, माझ्या हातानं उचलीन, नाक न्हाई मुरडणार. सोड गं बाई. एवढं सोड."

चिंचेची सावली लांब झाली होती. जाई थांबली. आईने दोरी ओढली नाही. जाईने पाय थोडे फाकवले, मान खाली घातली, पोट आत ओढलं. शेपटी वर झाली. आम्ही सगळे बघत होतो. काही झालं नाही. शेपटी खाली आली. आबांनी डोळे मिटून घेतले.

मग पुन्हा वर झाली.

पहिला गोळा पडला तो लहान होता, काळपट, तेलाने चकाकणारा. त्याचा आवाज असा कितीसा असेल, पण सगळ्या अंगणाला ऐकू आला. मग आणखी एक. मग थोडं थांबून, एकदम, सैल, पुष्कळ, पुरणाच्या आंबट वासाची. गंगूमावशी टाळी वाजवून ओरडली, "आली गं बाई, गंगा आली!" चाचा आकाशाकडे हात करून पुटपुटले आणि मग राजाच्या मानेवर कपाळ टेकून उभे राहिले. आबा जमिनीवर बसले, तसेच मांडी घालून, आणि रडत होते की हसत होते कोण जाणे.

मी सवयीने पाटी पुढे केली आणि वाकले. आईने मला मागे सारलं. "थांब. मी बोलले हाय." तिने दोन्ही हातांनी ती लीद उचलली, हिरव्या बांगड्या वर सारून, आणि पाटीत ठेवली. टाकली नाही, ठेवली. एकेक ओंजळ.

दिवेलागणीला जाई थोडं पाणी प्यायली. मी घराकडे आले आणि दगडावर जाऊन उभी राहिले, पाण्याची वाट बघत. पायाला लीद होती, हाताला होती, केसांतही असेल. आई चुलीपाशी होती. तिचे हात धुतलेले नव्हते. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तांब्या तिच्या शेजारीच होता.

"ये आत," ती म्हणाली. "ये तशीच."

मी उंबरा ओलांडला. तिने मला जवळ ओढून घेतलं. आम्हा दोघींना एकच वास येत होता.

ती पाटीभर लीद उकिरड्यावर गेली नाही. गंगूमावशीने ती एका फडक्यात बांधून नेली. "पणतीला लीद लागत न्हाई तशी," ती म्हणाली, "पण औंदा घालते." त्या दिवाळीत तिने गल्लीत घरोघर पणत्या दिल्या, जिने जिने जाईला घास भरवला होता तिला. कुणाला सांगितलं नाही त्यात काय आहे. आईला आणि मला तेवढं माहीत होतं. संध्याकाळी दारादारांत त्या लागल्या तेव्हा आई मला कोपराने ढोसून हसली. शाळेत मला फुलांवरून चिडवणारीच्या दारातही एक होती.

पणती कुणी जपून ठेवत नाही. फुटली की टाकायची. आमच्या घरचीही कधी फुटली, आठवत नाही. चिंच आता नाही. स्टेशनच्या त्या रस्त्याला आता दोन्हीकडे इमारती आहेत, मागे एकदा गेले तर मला अंगणाची जागा सापडेना. रिक्षावाल्याने विचारलं, "आज्जी, कुठे सोडू?" मी म्हटलं, "इथेच कुठेतरी." जाई त्यानंतर बरीच वर्षं आमच्याकडे होती. ती कशी गेली ते मी लिहिणार नाही. आई पुढेही माझ्या हातांवर पाणी ओतायची, नाही असं नाही. पण मी आत आल्यावर. चुलीजवळ, कोमट करून.

लसूण सोलून झाला आणि मी उठून गॅलरीच्या दाराशी गेले. मेधाने कुंड्यांत खत घातलं होतं. मी वाकून चिमूटभर उचललं. वाळलेलं, हलकं, गवताच्या काड्या अजून दिसत होत्या. कुठला घोडा, कुणी झाडलं असेल त्याच्याखाली, कुणाच्या डोक्यावरून आलं असेल. बोटात चुरडलं तर भुगा उडाला. उन्हाळ्यातली लीद.

मेधा उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, ते अंगापासून दूर धरून. दाराच्या पट्टीपाशी ती थबकली, आत पाय टाकावा की नाही असं करत. आत आमची पांढरी फरशी.

"आई, जरा बादलीत पाणी आणता का? मी इथेच धुते. घर घाण होईल."

दुपारची वेळ होती. घरात आम्ही दोघीच. मी तिच्या हातांकडे पाहिलं, आणि माझ्या बोटांकडे.

"ये," मी म्हटलं. "ये तशीच आत."